एका शिलिंगाची मैफल

लंडनच्या विग्मोर हॉल या संगीतगृहाने मार्च २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. इंग्लंडच्या कला परिषदेकडून मिळणारे ३,४४,२०६ पौंडांचे वार्षिक अनुदान २०२६ पासून घ्यावयाचे नाही, असा तो निर्णय होता. संस्थेने देणगीदारांकडून एक कोटी पौंडांचा निधी उभा केला होता, आणि त्याच्या बळावर सरकारी पैशाला नमस्कार करण्याचे ठरविले. साडेपाचशे आसनांच्या या सभागृहात पियानोवादनाच्या, गायनाच्या आणि चौकडीवादनाच्या मैफली वर्षभर होतात. जगातील नामवंत कलावंत तेथे वाजविणे हा मान समजतात. अशा संस्थेने सरकारला सांगावे की, तुमचा पैसा नको, तुमच्या अटीही नकोत. बातमी छोटी होती. आपल्याकडील वृत्तपत्रांनी तिची दखल घेण्याचे कारण नव्हते आणि त्यांनी ती घेतलीही नाही. परंतु समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये असे आम्हांस वाटते, कारण तिच्यामागे जो वाद आहे तो आपल्याही दारात उभा आहे.

संगीतगृहाच्या चालकांची तक्रार थोडक्यात अशी की, कला परिषदेचे आजचे धोरण समाजातील सर्व थरांपर्यंत कला पोचविण्यावर भर देते आणि त्या भरात संगीताच्या उत्तमतेचा विचार मागे पडतो. शिवाय अनुदानासाठी भरावयाचे तक्ते आणि अहवाल यांचा व्याप वाढत जातो. परिषदेच्या बाजूचे लोक उलट विचारतात की, करदात्याच्या पैशावर चालणारी संस्था समाजाच्या कोणत्या भागाची सेवा करते, हे विचारण्याचा अधिकार करदात्याच्या प्रतिनिधींना नाही काय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु ‘उत्तम की सर्वांसाठी’ असा हा पेच मांडला की तो सुटत नाही, आणि तो तसा मांडण्यात प्रस्थापितांचा नेहमीच फायदा असतो. तो अपरिहार्य नाही याचा पुरावा त्याच लंडन शहरात, विग्मोर रस्त्यापासून पायी पाऊण तासाच्या आत सापडतो. मात्र त्यासाठी ऐंशीहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने नाट्यगृहे, चित्रपटगृहे व संगीतगृहे बंद केली. ट्रफाल्गर चौकातील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयातील चित्रे आधीच रेल्वेने वेल्समध्ये हलविण्यात आली होती. पुढे १९४१ पासून ती तेथील एका स्लेटच्या खाणीत सुरक्षित ठेवण्यात आली. रिकाम्या भिंती, रिकामी दालने, रस्त्यांवर रात्री काळोख. अशा वेळी मायरा हेस ही एकोणपन्नास वर्षांची पियानोवादक संग्रहालयाचे संचालक केनेथ क्लार्क यांना भेटली आणि अधूनमधून एखादी दुपारची मैफल तेथे करता येईल काय, असे तिने विचारले. क्लार्क म्हणाले, एखादी कशाला, रोज करा. सरकारने परवानगी दिली ती दोनशे श्रोत्यांपुरती. १० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिल्या मैफलीला सुमारे हजार माणसे आली. हेस स्वतः वाजवावयास बसली, कारण मालिका फसली तर ती आपल्या अंगावर घ्यावी असा तिचा विचार होता.

तेव्हापासून १० एप्रिल १९४६ पर्यंत, म्हणजे बरोबर साडेसहा वर्षे, सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता ही मैफल होत राहिली. एकूण १,६९८ मैफली झाल्या. ८,२४,१५२ श्रोत्यांनी त्या ऐकल्या. सरासरी काढली तर दर मैफलीस सुमारे ४८५ माणसे. प्रवेशाचा दर एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग. राखीव जागा नाहीत. खुर्च्या संपल्या की लोक जमिनीवर बसत. संग्रहालयातच स्वयंसेवक स्त्रिया सँडविच विकत आणि मध व मनुका घातलेल्या त्या सँडविचांची कीर्ती मैफलींइतकीच पसरली होती. शिधावाटपाच्या दिवसांत ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे ती गोष्ट मानधनाची. गायक असो वा वादक, विश्वविख्यात असो वा पहिल्यांदाच व्यासपीठावर येणारा, प्रत्येकाला सारखेच मानधन मिळे : पाच गिनी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा पाच गिनी म्हणजे एकशे पाच शिलिंग. याचा अर्थ एकशे पाच श्रोत्यांच्या तिकिटांत एका कलावंताचे मानधन भागत असे. उरलेल्या पैशातून इतर खर्च होई आणि जे शिल्लक राही ते अडचणीत सापडलेल्या संगीतकारांच्या साहाय्यनिधीला जाई. युद्धाने शेकडो वादक बेकार झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निधीचे मोल कळते. हेसने स्वतः सुमारे दीडशे मैफलींत वाजविले आणि एक पेनीही घेतली नाही. आपला अमेरिकेचा ठरलेला दौरा तिने रद्द केला होता. तेथे तिला किती मिळाले असते याची कल्पना सहज करता येईल. कलावंतांमध्ये समान वेतन ही कल्पना अव्यवहार्य आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या १,६९८ मैफलींचा हिशेब नजरेखालून घालावा.

आणि दर्जाचे काय? मालिकेची आखणी हेस आणि संगीतकार हॉवर्ड फर्ग्युसन हे मिळून करीत. बाख, मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट, शूमान असा अभिजात ऐवज होता, तसाच हयात असलेल्या संगीतकारांच्या नव्या रचनांनाही जागा होती. ‘लोकांना समजेल असे’ म्हणून काही सौम्य करून वाढलेले नव्हते. लोकांना काय पेलते याविषयी व्यवस्थापकांचे अंदाज बहुधा चुकतात, आणि ते नेहमी एकाच दिशेने चुकतात.

याहून महत्त्वाचे असे की, हे संगीत बहुतांशी जर्मन होते. जर्मन विमाने रात्री बाँब टाकीत होती आणि दुपारी लंडनचे कारकून, परिचारिका, सैनिक आणि टंकलेखिका बीथोव्हन ऐकत होत्या. एलेना गेरहार्ट ही जर्मन गायिका नाझी राजवट सोडून लंडनला आली होती. शत्रूच्या भाषेत गाण्याची तिला भीती वाटत होती; तिने जर्मनमध्येच गीते म्हटली आणि श्रोत्यांनी ती मनापासून ऐकली. हेस स्वतः ज्यू कुटुंबात जन्मलेली. हिटलरच्या राज्यात ज्या संगीताला तिला स्पर्शही करू दिला गेला नसता, ते संगीत ती हिटलरच्या बाँबखाली वाजवीत होती. बाँबवर्षावाच्या काळात मैफल तळघरात हलविली गेली. ऑक्टोबर १९४० मध्ये संग्रहालयाच्या इमारतीत एक न फुटलेला बाँब सापडला तेव्हा त्या दिवसापुरती ती जवळच्या साउथ आफ्रिका हाउसमध्ये झाली, पण खंड पडला नाही.

पहिल्या महायुद्धातील इंग्लंडशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. विग्मोर हॉल मुळात बर्लिनच्या बेख्श्टाइन या पियानो कंपनीने बांधला. आपल्या दुकानाशेजारी मैफलीची जागा असली म्हणजे पियानो खपतात, हा त्यामागील व्यापारी हिशेब. ३१ मे १९०१ रोजी बुझोनी आणि इझाई यांच्या वादनाने तो उघडला. १९१६ मध्ये शत्रूची मालमत्ता म्हणून कंपनीचा लंडनमधील सारा धंदा गुंडाळण्यात आला. एक लाख पौंड खर्चून बांधलेले सभागृह, त्यासोबत कार्यालये आणि १३७ पियानो, हे सर्व डेबनहॅम या दुकानदार कंपनीने लिलावात ५६,५०० पौंडांना घेतले आणि १९१७ मध्ये रस्त्याचे नाव लावून ते पुन्हा उघडले. देशभक्तीच्या लाटेत कोणाच्या हाती काय स्वस्तात पडते, याचा हा जुना नमुना आहे. (याच बेख्श्टाइन घराण्यातील हेलेन बेख्श्टाइन पुढे हिटलरची आश्रयदाती झाली, हा इतिहासाचा आणखी एक विनोद.) चोवीस वर्षांच्या अंतराने त्याच शहरातील सामान्य माणसांनी नाझी आणि जर्मन यांत, राजवट आणि संस्कृती यांत, फरक करून दाखविला. आज आपल्या देशात शेजारी देशाच्या गायकाचा कार्यक्रम उधळणे म्हणजे शौर्य मानणाऱ्या मंडळींना हे कोणी सांगावे?

तथापि या मालिकेचे नुसते गोडवे गाऊन भागणार नाही. दुपारी एक वाजता ट्रफाल्गर चौकात येऊ शकणारा माणूस कोण होता? मुख्यतः आसपासच्या सरकारी कचेऱ्यांतील आणि पेढ्यांतील नोकरवर्ग. गोदीतला हमाल किंवा ईस्ट एंडमधील कारखान्याचा कामगार जेवणाच्या सुट्टीत तेथे पोचणे शक्यच नव्हते. शिलिंग स्वस्त होता, पण वेळ आणि अंतर हेही तिकिटाचेच भाग असतात. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दुसऱ्या एका यंत्रणेने केला. जानेवारी १९४० मध्ये संगीत व कला यांच्या प्रोत्साहनासाठी एक मंडळ स्थापन झाले. सुरुवातीचे २५,००० पौंड पिलग्रिम ट्रस्ट या खाजगी न्यासाने दिले, सरकारने त्यात आपली भर घातली आणि १९४२ पासून सर्व भार सरकारने उचलला. या मंडळाने कलावंतांना कारखान्यांच्या उपाहारगृहांत, खाणींच्या गावांत, सैनिकांच्या छावण्यांत पाठविले. त्यांचे काही ‘संगीतप्रवासी’ तर गावोगाव हिंडून लोकांनाच गावयास लावीत. त्यांपैकी एक इमोजेन होल्स्ट. तिचे वडील गुस्ताव होल्स्ट तरुणपणी विल्यम मॉरिसच्या समाजवादी मंडळाचे सभासद होते आणि संस्कृत शिकून त्यांनी ऋग्वेदातील सूक्तांना चाली दिल्या होत्या, ‘सावित्री’ नावाची संगीतिकाही लिहिली होती. आमच्या वाचकांना हे कळले तर बरे वाटेल म्हणून सांगितले.

या दोन प्रवाहांचा संगम पाहावयाचा असेल तर कॅथलीन फेरियर हिच्याकडे पाहावे. लँकेशायरमधील शाळामास्तराची ही मुलगी. घरची ओढाताण म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती ब्लॅकबर्नच्या टेलिफोन केंद्रात नोकरीस लागली. पियानो चांगला वाजवीत असे. १९३७ मध्ये कार्लाइलच्या संगीत स्पर्धेत पियानोसाठी नाव दिले असता नवऱ्याने एका शिलिंगाची पैज लावली की, गायनात भाग घेण्याची तुझी छाती होणार नाही. तिने दोन्ही स्पर्धा जिंकल्या. १९४१ पासून ती वरील मंडळाच्या वतीने कारखान्यांतून आणि छावण्यांतून गाऊ लागली. डिसेंबर १९४२ मध्ये हेसच्या मालिकेत तिचे गायन झाले. पुढे दहा वर्षांत युरोप-अमेरिकेने तिला डोक्यावर घेतले, आणि १९५३ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने तिचा अंत झाला. प्रतिभा तिची स्वतःची होती. ती सरकारने निर्माण केली नाही. परंतु टेलिफोन केंद्रातून संगीतगृहापर्यंतचा रस्ता सार्वजनिक पैशाने बांधलेला होता. तो नसता तर ब्लॅकबर्नच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी गाणारी बाई एवढीच तिची ओळख राहिली असती. अशा किती जणी तेवढ्यावरच राहिल्या असतील याची नोंद कोठेही होत नाही.

मग हा रस्ता अरुंद कसा झाला? १९४२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्स त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. केन्स यांची थोरवी आम्ही जाणतो, पण कलेच्या बाबतीत त्यांची दृष्टी कोव्हेंट गार्डनच्या झुंबरांकडे होती. गावोगावच्या हौशी गायकवृंदांत त्यांना रस नव्हता. १९४६ मध्ये मंडळाची कला परिषद झाली. परिषदेच्या १९५०-५१च्या अहवालात धोरण स्पष्ट झाले : थोडीच फुले, पण ती गुलाबाची असोत. युद्धकाळात ‘उत्तम ते अधिकांत अधिक लोकांना’ ही मंडळाची घोषणा होती. पाच-सहा वर्षांत तिचा उत्तरार्ध गळून पडला. मजूर पक्षाचे सरकार सत्तेवर असतानाच हे घडले, ही गोष्ट समाजवाद्यांनी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच सरकारच्या काळात चित्रे वेल्सहून परत आली, दालने हवीत म्हणून हेसची मालिका थांबली, आणि तिला दुसरे घर मिळाले नाही. १९४८च्या कायद्याने स्थानिक संस्थांना करमणुकीसाठी कर-उत्पन्नातून खर्च करण्याची मुभा मिळाली होती, परंतु फार थोड्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. अनुरिन बेव्हनची पत्नी जेनी ली १९६४ मध्ये कलाखात्याची मंत्री झाली तेव्हा कोठे परिषदेचे अनुदान भराभर वाढले आणि प्रांतांकडे लक्ष गेले.

ही केवळ इंग्लंडची कथा नव्हे. इटलीत १९७०च्या दशकाच्या आरंभी मॉरिझिओ पोलिनी हा पियानोवादक, क्लाउदिओ अब्बादो हा वाद्यवृंदसंचालक आणि लुइजी नोनो हा संगीतकार यांनी कामगार व विद्यार्थी यांच्यासाठी मैफली केल्या. १९७३ मध्ये रेज्जो एमिलिया या डाव्यांच्या ताब्यातील नगरपालिकेच्या साहाय्याने त्यांनी संगीत आणि चर्चा यांची मालिका चालविली. तेथेही सोपे करून काही दिले नाही. चिलीमधील एका तरुण क्रांतिकारकाच्या स्मरणार्थ नोनोने १९७२ मध्ये पोलिनीसाठी आणि एका गायिकेसाठी लिहिलेली रचना ऐकणे हे आजही कानांची परीक्षा पाहणारे काम आहे. डिसेंबर १९७२ मध्ये पोलिनीने मिलानमधील मैफलीपूर्वी हनोईवरील अमेरिकी बाँबहल्ल्याविरुद्ध निवेदन वाचण्याचा प्रयत्न केला तेव्हा सभ्य श्रोत्यांनी एवढा गोंधळ केला की मैफलच झाली नाही. ज्यांना कला राजकारणापासून शुद्ध ठेवावयाची असते, त्यांनीच त्या दिवशी संगीत बंद पाडले. पोलिनी मार्च २०२४ मध्ये वारला. मृत्युलेखांतून त्याच्या शोपँची भरपूर स्तुती झाली, रेज्जो एमिलियाला मात्र एखाददुसरी ओळ मिळाली.

विग्मोर हॉलच्या निर्णयाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. संस्था बुडत होती म्हणून तिने अनुदान सोडलेले नाही. तिच्या एकूण खर्चाच्या मानाने ती रक्कम लहानच होती. पस्तीस वर्षांखालील श्रोत्यांना पाच पौंडांत तिकीट देण्याची तिची योजना चांगली आहे, आणि सोमवारची दुपारची मैफल नभोवाणीवरून घरोघरी पोचते तीही. नोकरशाहीच्या तक्त्यांना कंटाळलेल्या संगीतकारांविषयी आम्हांस सहानुभूती आहे. कलेचे मोजमाप उपस्थितांच्या जातवारीने करता येत नाही. तरीही हा निर्णय आम्हांस योग्य वाटत नाही. सरकारी अनुदानाच्या अटींवर संसदेत प्रश्न विचारता येतो, वृत्तपत्रांतून झोडपता येते, निवडणुकीत त्या बदलता येतात. देणगीदाराची अट कोणी लिहून ठेवीत नाही. ती त्याच्या आवडीनिवडीत, त्याच्या राखीव खुर्चीत आणि त्याच्या मृत्युपत्रात असते. शिवाय ज्या संस्थेला धनिक देणगीदार मिळतात ती लंडनच्या मध्यभागी असते, ब्लॅकबर्नमध्ये नसते. मोठ्यांनी सार्वजनिक छत्र सोडले की त्या छत्राखाली उरलेल्या लहानांचा आवाज आणखी क्षीण होतो.

आपल्याकडे काय आहे? विग्मोर रस्त्यावरचे सभागृह उघडले त्याच महिन्यात, ५ मे १९०१ रोजी, विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून गाणे बाहेर काढून ते तिकीट घेऊन कोणालाही ऐकता यावे, कोणाच्याही मुलामुलीला शिकता यावे, हा त्यांचा ध्यास होता. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईस शाखा काढली, कर्ज काढून इमारत बांधली. आणि १९२०च्या दशकात ती इमारत कर्जापायी लिलावात गेली. मागे समाज उभा नव्हता, सरकार तर परकेच होते. पुढे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि दुसऱ्या बाजूने अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने गाणे गावोगाव नेले. त्या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एक गोष्ट कबूल करावी लागेल : प्रचाराचे गाणे आपण लोकांपर्यंत नेले, अभिजात गाणे मात्र त्यांचे नव्हेच असे आपणही नकळत धरून चाललो. ख्याल आणि ठुमरी शहरातील मध्यमवर्गाची, पियानो तर त्याहूनही वरच्यांचा. गोव्यातील खेड्यापाड्यांच्या चर्चशाळांत गरिबांची मुले पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकली आणि त्यांच्याच बळावर मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे राहिले, हे डोळ्यांसमोर असताना आपण असे धरून चाललो.

आज महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांत नगरपालिकांची किंवा महापालिकांची नाट्यगृहे आहेत. ती लोकांच्या करातून बांधलेली आहेत. भाडे, विजेचे बिल आणि वातानुकूलनाचा आकार मिळून जी रक्कम होते ती एखाद्या नवोदित गायिकेला किंवा छोट्या संगीत मंडळाला झेपणारी नसते. म्हणून सायंकाळ ठेकेदार निर्मात्यांची आणि सत्कार समारंभांची होते, आणि आठवड्याची दुपार बहुतेक ठिकाणी रिकामी जाते. पंख्यांची आणि स्वच्छतागृहांची अवस्था वेगळी सांगावयास नको. ज्या इमारतीची चित्रे नेली गेली होती तिच्या रिकाम्या भिंतींत एका बाईने साडेसहा वर्षे संगीत भरले; येथे भिंती संगीतासाठीच बांधलेल्या आहेत.

पक्षाच्या नगरसेवकांनी आणि ते नसतील तेथे कार्यकर्त्यांनी येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. आठवड्यातून निदान एक दुपार वा सकाळ नाट्यगृह विनाभाडे संगीतासाठी खुले असावे. तिकीट एका चहा-वड्याच्या किमतीहून अधिक नसावे. आणि गाणाऱ्याला, वाजविणाऱ्याला, तबलजीला व हार्मोनियमवाल्याला सारखेच मानधन महापालिकेने द्यावे. शेवटच्या मागणीला गवयांकडूनच विरोध होईल अशी आमची अपेक्षा आहे. साथीदाराला पाकिटात काय मिळते हे आपल्या मैफलींच्या जगातील सर्वांत झाकलेले गुपित आहे, आणि कामगार संघटना चालविणाऱ्यांनी ते उघडून पाहण्यास संकोच करू नये. वेळ ठरविताना हेसच्या मालिकेची उणीव लक्षात ठेवावी : कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीपेक्षा कारखान्याची पाळी सुटण्याची वेळ, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांना दुपारी मिळणारा मोकळा तास, हे आधी विचारून घ्यावे. कोणत्या शहरात नाट्यगृह किती दुपारी रिकामे असते व त्याचे भाडे किती, ही माहिती जिल्हा समित्यांनी महापालिकेच्या कार्यालयातून मिळवून आमच्याकडे पाठवावी. येईल तशी ती या स्तंभातून आम्ही छापू.